‘शहरात कुणाला कुणाची पडलेली नसते’ असं कुणी म्हटलं की तुम्ही काय सांगता?

चौथामजला

गेले काही महिने एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकतेय. ‘शहरात शेजारी मेला तरी कुणाला पत्ता नसतो.’ ‘तिथे माणसं नाहीत, नुसती गर्दी.’ बोलणारे काही शहराबाहेरचे, काही शहर सोडून गेलेले, आणि इथेच जन्म काढूनही असं बोलणारे तर कितीतरी. पूर्वी मी ऐकून सोडून द्यायचे. बाबा गेल्यापासून सोडवत नाही.

आमची इमारत नऊ मजली, आम्ही चौथ्यावर. बाबा शेवटची सहा वर्षं माझ्याकडे होते, त्यातली तीन व्हीलचेअरवर. सकाळी त्यांना खाली उन्हात न्यायचं आणि अर्ध्या तासाने वर आणायचं, हा आमचा नेम. खाली जाताना लिफ्ट थांबली की बहुतेक वेळा आत सहाव्या मजल्यावरचे एक गृहस्थ असायचे, कामावर निघालेले. ते मान हलवायचे, मीही हलवायचे. एवढ्या वर्षांत आमच्यात एक पूर्ण वाक्य झालं असेल असं वाटत नाही. त्यांचं नाव मला माहीत नव्हतं.

त्या रात्री पावणेतीनला बाबांचा श्वास घरघरायला लागला. ॲम्ब्युलन्स लवकर आली, पण आमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. शेवटी व्हीलचेअरवरच बसवलं. बाबांची शुद्ध गेलेली, मान सारखी एका बाजूला लोळत होती. मी ओरडले होते की रडत होते, मला आठवत नाही, पण जिन्यावरून धावत कुणीतरी आलं. सहाव्याचे ते गृहस्थ होते, अनवाणी. त्यांनी काही विचारलं नाही. बाबांच्या बाजूला उभं राहून त्यांनी एक तळवा बाबांच्या कानामागे टेकवला आणि मान सरळ धरली. लिफ्टमध्ये व्हीलचेअर, ऑक्सिजनचा सिलिंडर धरलेला माणूस आणि ते, एवढेच मावले. मी जिन्याने धावले. खाली पोचले तेव्हा लिफ्टचं दार उघडत होतं आणि तो हात तिथेच होता. दाराच्या पट्टीवर चाक अडखळलं तेव्हा त्यांनी दुसरा हात बाबांच्या कपाळावर ठेवला. गाडीत ठेवताना म्हणाले, ‘झालं, पोचलो आता.’ ते मला नाही म्हणाले, बाबांना म्हणाले.

बाबा पहाटे गेले.

नंतर ते गृहस्थ भेटायला आले नाहीत. आठ-दहा दिवसांनी लिफ्टमध्ये दिसले, त्यांनी मान हलवली, मीही हलवली. माझे मोठे दीर म्हणाले, ‘बघ, आमच्याकडे असं झालं असतं तर घर भरून गेलं असतं. हा माणूस दोन मजल्यांवर राहून वर चढला नाही.’ (आमच्यापासून तो वरच राहतो, पण त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं.) आणि घर भरलं नव्हतं, हेही खरंच आहे.

मला वाद जिंकायचा नाही. पण त्या हाताला काय म्हणायचं? मैत्री नाही, नातं नाही, शेजारसुद्धा धड नाही. तुम्ही शहरात राहणारे अशा वेळी लोकांना काय सांगता?

परतलोय

ताई, तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं. पण मी दुसऱ्या बाजूचा आहे, तेव्हा मनात आहे तेच लिहितो.

मी शहरात होतो तेव्हा तापाने चार दिवस खोलीत पडून होतो. चौथ्या दिवशी पाणी संपलं म्हणून भिंत धरत दार उघडलं. समोरच्या पॅसेजमधून दहा मिनिटांत तीन माणसं गेली. तिघांनी मला पाहिलं. एकाने तर माझा पाय ओलांडून जावं तसं वळण घेतलं. मी हाक मारली नाही हे खरं, पण माझ्याकडे बघून कळत नव्हतं का? त्या दिवशी मी ठरवलं की इथे मरायचं नाही.

शिवाय न्यूयॉर्कची ती घटना सगळ्यांना माहीत आहे. एका तरुणीवर रस्त्यात वार होत होते आणि ३८ लोक खिडकीतून बघत राहिले, कुणी फोनही केला नाही. शहर माणसाचं काय करतं ते त्यात आलं. हवेबद्दल आणि आवाजाबद्दल तर बोलायलाच नको.

रातपाळी

मी चौदा वर्षं ॲम्ब्युलन्सवर आहे, बहुतेक रात्रीच. म्हणून आधी त्या ३८ लोकांबद्दल, कारण ही गोष्ट शहराच्या माथी मारून साठ वर्षं झाली आणि ती आहे तशी खरी नाही.

घटना १३ मार्च १९६४ ची. किटी जेनोविज, वय २८, पहाटे कामावरून घरी येत होती. पहिला हल्ला रस्त्यावर झाला. एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडून हटकलं, तेव्हा हल्लेखोर पळाला. ती जखमी अवस्थेत इमारतीच्या मागच्या बाजूला गेली. तो परत आला आणि दुसरा हल्ला जिन्याच्या पायथ्याशी, आतल्या बाजूला झाला. तिथलं कुणाच्या खिडकीतून दिसणं शक्यच नव्हतं. बहुतेकांनी फक्त काहीतरी आवाज ऐकले होते, ते कसले हे त्यांना कळलं नव्हतं. ३८ हा आकडा दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सने छापला आणि २०१६ मध्ये त्याच वर्तमानपत्राने तो फुगवलेला होता हे मान्य केलं. घाबरून गप्प बसलेले लोक होते, नव्हते असं नाही. पण तेव्हा पोलिसांना बोलवायला आजच्यासारखा एकच नंबरही नव्हता. अमेरिकेत ९११ सुरू झाला तो १९६८ मध्ये.

आणि जे कुणी सांगत नाही ते हे. सोफिया फरार नावाची शेजारीण कळल्याबरोबर खाली धावली. हल्लेखोर अजून तिथेच आहे की गेला, तिला माहीत नव्हतं. किटीला कुशीत घेऊन ती मदत येईपर्यंत बसून राहिली. चौथामजला ताई, तुम्ही त्या हाताबद्दल लिहिलंत तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली.

आता माझ्या कामाचं. रस्त्यात कुणी पडलेलं असतं तिथे आम्ही पोचतो तेव्हा तो माणूस एकटा पडलाय असं मी फार क्वचित पाहिलंय. कुणीतरी डोक्याखाली बॅग सरकवलेली असते. कुणी उन्हाच्या बाजूला उभं राहून सावली धरलेली असते. एखादी बाई त्याची चप्पल हातात घेऊन उभी असते, हरवू नये म्हणून. ‘तुम्ही यांचे कोण?’ विचारलं की म्हणतात, ‘कुणी नाही, मी जात होतो.’ आम्ही दार लावलं की ही सगळी माणसं पांगतात. फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना नसतो, म्हणून त्यांची नोंदही कुठे होत नाही.

मला हे फक्त माझं निरीक्षण वाटायचं. पण २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन या तीन शहरांतल्या रस्त्यावरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. दहातल्या नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी निदान एकजण तरी मध्ये पडला होता. आणि बघे जितके जास्त, तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. तिन्ही शहरांत हेच.

परतलोय दादा, तुमचे ते चार दिवस मी खोटे पाडत नाही. चार दिवस कुणी फिरकलं नाही अशा दारांवर मी गेलोय. ते दार उघडताना काय वाटतं ते इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो, अशी दारं बहुतेक वेळा ज्यांची असतात, ती माणसं तिथे नुकती राहायला आलेली असतात.

जुनीबाक

मी समाजशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. रातपाळी यांचं शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं, म्हणून लिहिते.

चौथामजला, तुमच्या त्या गृहस्थांसाठी शब्द आहे. स्टॅनली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये तो वापरला. मराठीत ‘परिचित अनोळखी’ म्हणता येईल. ज्याला आपण रोज पाहतो, चेहऱ्याने ओळखतो आणि कधीच बोलत नाही, असा माणूस. मिलग्रॅमच्या विद्यार्थ्यांनी सकाळी एका रेल्वे स्थानकावर उभ्या असलेल्या प्रवाशांचे फोटो काढले आणि पुढे एका सकाळी ते त्याच प्रवाशांना वाटले. बहुतेकांना त्यात चेहऱ्याने ओळखीची, पण कधी न बोललेली माणसं सापडली. सरासरी चार. ज्यांच्याशी बोलणं होतं अशी माणसं सरासरी दीडच.

मिलग्रॅमचं म्हणणं असं की हे न बोलणं म्हणजे नातं नसणं नव्हे. न बोलायचं हे दोघांनी मिळून, न ठरवता ठरवलेलं असतं. दिवसाला शेकडो माणसं समोरून जातात, प्रत्येकाशी थांबून बोलायचं म्हटलं तर माणूस कामावर पोचणार नाही. पण हा करार मोडायचा प्रसंग आला की तो कसा मोडतो, याचं त्याने दिलेलं उदाहरण बघा. ब्रुकलिनच्या रस्त्यावर एक बाई कोसळली. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या दुसऱ्या बाईने तिला वर्षानुवर्षं येता-जाता पाहिलं होतं, बोलणं एकदाही नाही. तिने ॲम्ब्युलन्स बोलावली, गाडीत बसून दवाखान्यापर्यंत गेली, तिचं सामान सांभाळलं. नंतर म्हणाली, इतकी वर्षं पाहत होते, त्यामुळे मला माझी जबाबदारी वाटली.

यात ‘वर्षानुवर्षं’ हा शब्द धरून ठेवा. परतलोय, तुम्हाला ओलांडून गेलेला माणूस चुकलाच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण तुम्ही त्या पॅसेजमध्ये किती दिवस होतात?

समाजशास्त्रज्ञ क्लॉड फिशर यांनी १९७७-७८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या हजारावर लोकांना त्यांच्या नात्यांबद्दल विचारलं होतं. शहरातल्यांच्या आयुष्यात नातेवाईक कमी निघाले आणि मित्र जास्त. ते जास्त एकटे मात्र निघाले नाहीत. घर भरलं नाही याचा अर्थ चौथामजलाताईंच्या दिरांना वाटतो तसा एकच नसतो.

परतलोय

सात महिने. त्याआधी दुसरीकडे पाच, आणि त्याआधी एका ठिकाणी वर्षभर. मालक सांगेल तेव्हा खोली सोडायची. जुनीबाकताई, तुम्ही विचारलंत तेव्हा लक्षात आलं की त्या पॅसेजमधल्या त्या तिघांना मीसुद्धा त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ३८ लोकांची गोष्ट मी पंधरा वर्षं सांगतोय, आता तशी सांगणार नाही.

पण मग ज्याला एका जागी टिकूच दिलं जात नाही, त्याच्यासाठी शहर काय आहे? आणि हवेचं काय?

चौथामजला

दादा, हवेबद्दल तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं आहे, त्यावर मी शहराची बाजू घेणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हवेतल्या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली आणि मोठ्या शहरांपैकी फारच थोडी त्याच्या जवळपास आहेत. बाबांच्या फुप्फुसांनी ते भोगलं. याविरुद्ध आम्ही इथे राहणाऱ्यांनीच भांडलं पाहिजे आणि ‘शहर म्हटल्यावर चालायचंच’ असं म्हणणाऱ्याचा मला तुमच्याइतकाच संताप येतो.

टिकू न देण्याबद्दलही तुमचं पटलं. मी आजवर शहराला दिलेली शिवी ऐकली की सगळ्या शहरासाठी उभी राहायचे. आता वाटतं, माझ्याकडे ते गृहस्थ धावत आले यात मी एकाच दारामागे बावीस वर्षं राहू शकले याचा मोठा वाटा आहे. ते ज्याला मिळालं नाही, त्याने शहराला चांगलं का म्हणावं? पुढच्या वेळी कुणी बोललं तर मी आधी विचारीन, तुम्ही तिथे किती दिवस होतात, आणि का निघावं लागलं.

आमच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत दोन महिन्यांपूर्वी एक मुलगा राहायला आलाय. मी त्याच्याकडे अजून नीट पाहिलेलंही नव्हतं. काल थांबून पाहिलं. तो किल्ली डाव्या हाताने लावतो.

आणि रातपाळीदादा, जुनीबाकताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून आज सकाळी लिफ्टमध्ये मी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून उभी राहिले. आमची लिफ्ट लहान आहे. व्हीलचेअर डावीकडे लावली की ते गृहस्थ उजव्या भिंतीला अंग चोरून उभे राहायचे, बॅग छातीशी धरून. आज चौथ्यावर दार उघडलं तेव्हा आत ते एकटेच होते. सगळी लिफ्ट मोकळी, आणि ते उजव्या भिंतीला लागून उभे, बॅग छातीशी. बाबांना जाऊन पाच महिने झाले. मी आत गेले आणि मीही डावी बाजू सोडून उभी राहिले. त्यांनी मान हलवली.