बंड मोडतात, क्रांती फसते

विज्ञानकथा लिहिताना अडलो, म्हणून विषय काढतोय. मंगळावरची वसाहत पृथ्वीला कर द्यायचं नाकारते. याला बंड म्हणावं, उठाव की क्रांती?

'जिंकलं की क्रांती, हरलं की बंड' हे ठरीव उत्तर मला पटत नाही. 1848 मध्ये युरोपभर पेटलेल्या क्रांत्या बहुतेक ठिकाणी वर्ष-दीड वर्षात फसल्या, तरी नाव क्रांतीच. उलट चीनमधलं ताइपिंग बंड 1850 ते 1864 चाललं, नानजिंगला राजधानी थाटली गेली, मेलेल्यांची मोजदाद कोटींत गेली. पण बहुतेक पुस्तकांत ते बंडच राहिलंय.

माझ्या मते गोम क्रियापदांत आहे. बंड करतात, पुकारतात, शमवतात, मोडून काढतात. क्रांती होते, घडते, फार तर घडवतात. 'बंड मोडून काढलं' असं लिहिणारा नकळत गादीवर बसलेल्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो. प्रत्ययही बघा ना. बंडखोर बसतो लाचखोर, भांडखोर यांच्या पंगतीत. 'क्रांतिखोर' कुणी ऐकलाय? 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी केलं ते इंग्रज सरकारच्या लेखी बंड, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात तेच फडके आद्य क्रांतिकारक.

(विद्रोहाची गोष्ट वेगळी. पोटात 'द्रोह' असूनही दलित साहित्याने त्या शब्दाला मान मिळवून दिला.)

विज्ञानकथेत तर हा पक्षपात उघडाच पडतो. 'रोबॉट' हा शब्द आला कारेल चापेकच्या 1920 च्या नाटकातून. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठबिगारी. त्या नाटकात यंत्रमानव माणसांचा जवळजवळ निर्वंश करतात. जग याहून जास्त काय उलथायचं? तरीही आपल्या तोंडी येतं 'यंत्रमानवांचं बंड'. सांगणारे आपण, माणसं!

तूर्त मी असं केलंय: पृथ्वीच्या फर्मानात 'बंड', वसाहतीच्या भिंतींवर 'क्रांती', निवेदकाकडे 'उठाव'. अडलंय ते एका म्हातारीच्या वाक्यावर. तिचा मुलगा त्यात गेला, कुठल्या बाजूने ते ती सांगत नाही. तिच्या तोंडी या तिन्हींपैकी एकही शब्द बसेना. शेवटी जुन्या मराठीतला 'धामधूम' घेतला, लग्नातली नव्हे, लढाया आणि लुटालुटीच्या काळाला म्हणत ती. 'धामधुमीत गेला तो,' एवढंच ती म्हणते. आजच्या वाचकाला हे कळेल का?