द्राक्षबागेतलं गवत कापायला किती एचपी?

बागायतदार_दिंडोरी: ओळींत नऊ फूट अंतर. गवत कापायला आणि फवारणीला एकच ट्रॅक्टर हवाय. १८ एचपी पुरेल का?

मिस्त्री: चार फुटी स्लॅशर (फिरत्या पात्यांनी गवत कापणारं अवजार) उंच, ओल्या गवतात १८ वर दम टाकतो. २४ ते २८ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह बघा, रुंदी चार फुटांच्या आसपास. आणि दादा, इंजिनचा नाही, पीटीओचा (अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टचा) एचपी विचारा.

निफाडकर: पीटीओ पूर्ण ५४० आरपीएमवर (मिनिटाला ५४० फेरे), गिअर मात्र खालचा. आरपीएम पडला की गवत कापलं न जाता शाफ्टला गुंडाळतं. पाती जमिनीपासून तीन इंच वर ठेवा. शिअर बोल्ट (दणका बसला की आधी तुटून गिअरबॉक्स वाचवणारा मऊ बोल्ट) तुटला तर त्याच प्रकारचा नवा टाका. कडक बोल्ट घातलात तर पुढचा दणका थेट गिअरबॉक्सला.

मिस्त्री: रेडिएटरची जाळीही झाडत राहा, कुसळांनी इंजिन तापतं.