नियम आणि मैदान यांमुळे दुखापती खरोखर टळतात का?

प्रश्न :
मी बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींच्या फुटबॉल सरावाची जबाबदारी सांभाळतो. वॉर्म-अप आणि शिन गार्ड (नडगीवर बांधायचे संरक्षक कवच) यांचे महत्त्व पालकांना पटते; मात्र सरावातही नियम काटेकोरपणे पाळणे आणि रोज मैदान तपासणे हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटतो. या दोन्हींमुळे दुखापती घटतात, याला काही ठोस आधार आहे का?

प्रतिसाद १ :
निश्चितच आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये (हा आपल्या फुटबॉलहून वेगळा, हेल्मेट घालून खेळायचा खेळ आहे) हेल्मेट भक्कम झाल्यावर खेळाडू डोके खाली घालून हेल्मेटच्या माथ्यानेच प्रतिस्पर्ध्याला धडक देऊ लागले. अशा धडकेत मान सरळ रेषेत दाबली जाऊन मणके मोडतात, आणि त्यातून अनेक तरुणांना कायमचा पक्षाघात झाला. १९७६ मध्ये शालेय व महाविद्यालयीन स्तरावर या धडकेवर बंदी आली आणि पुढील काही वर्षांतच मानेच्या गंभीर दुखापती झपाट्याने कमी झाल्या. संरक्षक साधनामुळे आलेल्या बेफिकिरीतून जो धोका वाढला होता, तो नियमाने आटोक्यात आणला, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. पालकांना हेच उदाहरण सांगावे.

प्रतिसाद २ :
मैदानाविषयी लिहितो. आपल्याकडे हलवता येणारे गोलपोस्ट असतील, तर सर्वप्रथम ते जमिनीला पक्के जखडलेले आहेत का, हे पाहा. आडव्या दांड्याला मुले लोंबकळल्यामुळे गोलपोस्ट अंगावर कोसळून मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि गोलपोस्ट सुरक्षितपणे रोवलेलाच असावा, असे फुटबॉलचा पहिलाच नियम सांगतो. खड्डे, काचा, रेषेलगत ठेवलेली बाके हे सारे खेळ सुरू होण्यापूर्वी दूर करता येते. विजांचा गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर किमान ३० मिनिटे मैदानात उतरू नये.

प्रतिसाद ३ :
वरील दोन्ही मतांशी मी सहमत आहे. पण नियम पाळणे खेळाडूला परवडेल, अशी त्याची रचनाही हवी. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याची शंका आली, तर त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही संघात एक खेळाडू कमी पडेल या भीतीने मुले चक्कर किंवा डोकेदुखी लपवतात. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०१९ पासून अशा खेळाडूऐवजी फलंदाजी व गोलंदाजीही करू शकणारा बदली खेळाडू घेता येतो, त्यामुळे त्रास लपवण्याचे मोठे कारणच उरत नाही. आपल्या सरावसामन्यांतही बदली खेळाडू आधीच ठरवून ठेवावा, आणि जखमी मुलाला बाहेर बसवण्याचा निर्णय निकालाशी संबंध नसलेल्या मोठ्या माणसाकडे सोपवावा.