मदत हवी आहे : मुलीच्या पहिल्या कन्फेशनची तयारी

सर्वांना सस्नेह नमस्कार. आम्ही वसईतील कॅथलिक कुटुंब असून आमची आठ वर्षांची मुलगी यंदा पहिले होली कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेणार आहे आणि त्याआधी तिचा प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्याचा विधी (कन्फेशन), होईल. दहा आज्ञा तिला पाठ आहेत. चर्चमधील धर्मशिक्षणाच्या वर्गात विधीचा क्रमही नीट शिकवला आहे.

अडचण निराळी आहे. विवेक तपासणीला, म्हणजे कबुलीआधी आपली पापे आठवून पाहायला, बसली की ती सांडलेले दूध, विसरलेली वही अशा नकळत घडलेल्या गोष्टीही पापे म्हणून मोजू लागते आणि एखादे पाप सांगायचे राहिले तर देव क्षमा करणार नाही, या भीतीने रडवेली होते. जाणूनबुजून केले तरच ते पाप ठरते आणि चुकून विसरलेल्या पापाचीही क्षमा होते, हे मी तिला सांगते. परंतु माझ्या शब्दांनी तिचे समाधान होत नाही. धर्मगुरूंना कन्फेशनमध्ये ऐकलेले कोणालाही, अगदी आईवडिलांनाही, सांगता येत नाही हे कळल्यावर मात्र ती बरीच निश्चिंत झाली.

मुलांना पापाची जाणीव द्यावी पण धास्ती लावू नये, हे आपण घरी कसे साधलेत? बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दाखल्यापासून (पश्चात्ताप करून परतलेल्या मुलाला बाप क्षमा करतो ती गोष्ट) सुरुवात करावी काय? तसेच, इंग्रजी माध्यमातील मुलीला समजेल अशी पश्चात्तापाची छोटी मराठी प्रार्थना कोणाकडे असल्यास कृपया येथे लिहावी.