मदत हवी आहे: मर्ढेकरांची संगीतिका पडद्यावर आणताना

नमस्कार मंडळी. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते आणि त्यांनी संगीतिकाही (रेडिओसाठीची पद्य-गाण्यांची नाटकं) लिहिल्या. त्यातल्या ‘कर्ण’वर मी लघुपट करतोय. मर्ढेकर १९५६ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे संहिता २०१७ पासून खुली आहे.

घोडं अडलंय चित्रीकरणात. नभोनाट्यात सगळं शब्दांनीच दिसतं. परवा नदीत उतरणारी पावलं अगदी जवळून टिपली, वर ओळी लावल्या. दोन्ही एकच गोष्ट सांगू लागलं आणि ओळ मेली. आवाज काढला तर पावलं जिवंत झाली, पण मर्ढेकर उरले नाहीत.

श्रुतिकेवर (रेडिओ-नाटकावर) किंवा कवितेवर लघुपट केलेल्यांनी कृपया सांगा, तुम्ही ओळी गाळल्या की दृश्यं? मला एकही ओळ गाळवत नाहीये.