हिरो कारकून असलेली हेरकादंबरी सुचवा (हिशोब जुळला पाहिजे)

नोस्ट्रोबाबा

मंडळी, ३४ वर्षं सरकारी बँकेत काढली, त्यातली १९ फोर्टमध्ये, परकीय चलन विभागात. आता ठाण्यात असतो. गुडघे कुरकुरतात, त्यामुळे पुस्तकं आणि भाच्याच्या कृपेनं वेब सीरिज. परवा एका सीरिजमध्ये हेर लॅपटॉप उघडतो, हिरवी पट्टी सरकते आणि ५०० कोटी दुबईहून सायप्रसला पोचतात. मी विचारलं, कुठल्या खात्यातून? कोणाच्या सहीनं? भाचा म्हणाला, "मामा, तू झोप."

आमच्या काळी टेलेक्सचा टेस्ट नंबर (संदेश खरा असल्याची गुप्त खूण) जुळला नाही तर दहा हजार डॉलरही जागचे हलत नसत.

१९९१ चा जुलै आठवतो. १ तारखेला रुपया पाडला, ३ ला पुन्हा पाडला. दरांचे तक्ते खोडून खोडून फाटायला आले होते. जरा दम खातोय तोवर ५ तारखेला, शुक्रवारी, बीसीसीआयला टाळं (क्रिकेटवाली नव्हे, बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल). कागदोपत्री लक्झेंबर्गची बँक, मुंबईतही एक शाखा. आमच्या दोन गिऱ्हाइकांची बिलं तिच्याकडे वसुलीला गेलेली, त्यांनी माझ्या टेबलासमोर ठाण मांडलं. पुढे अमेरिकी सिनेटच्या चौकशीतून बाहेर आलं की या बँकेत सीआयएची खाती होती आणि अबू निदाल या पॅलेस्टिनी दहशतवाद्याच्या संघटनेचीही. लंडनच्या शाखेत ही दुसरी खाती सांभाळणारा मॅनेजर ब्रिटिश गुप्तचरांना माहिती देत होता. म्हणजे माझ्यासारखाच, लेजर तपासणारा माणूस. तो रात्री जेवताना बायकोशी काय बोलत असेल, हे मला वाचायचंय.

आता खरं कारण. ८० च्या दशकात एक गोडबोले गृहस्थ (आडनाव नव्हे, स्वभाव) काउंटरवर येत. एकदा मला इराण्याकडे घेऊन गेले, ब्रून मस्का खाऊ घातला आणि सहज विचारलं, अमुक सरकारी कारखान्यानं कुठल्या मशीनसाठी एलसी (बँकेचं हमीपत्र) उघडलीय? "रक्कम नको हो, फक्त मशीनचं नाव." निघताना हातात पार्कर पेन. मी काही सांगितलं नाही. पण साहेबांच्या कानावर घालायला तीन दिवस लावले. ते तीन दिवस अजून टोचतात. तो हेर होता की प्रतिस्पर्ध्याचा दलाल, देव जाणे.

तर असं पुस्तक सुचवा. पिस्तूल नसलं तरी चालेल. पैसा कुठून कुठे गेला हे पटलं पाहिजे. लहानपणी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलोय, तेव्हा वेग कमी पडला तर तक्रार करीन.

शब्दखूळ

बाबा, एरिक अँब्लर, हेरकथा लिहिणारा इंग्रज. दुसरं नाव घेऊ नका.

'कॉज फॉर अलार्म' (१९३८) पासून सुरुवात करा. नोकरी गेलेला इंग्रज इंजिनियर. लग्न करायचंय, पैसे नाहीत, म्हणून एका कंपनीची मिलानमधली जागा पत्करतो. कंपनी तोफगोळ्यांची आवरणं बनवायची यंत्रं विकते आणि इटली मुसोलिनीची. आधीचा मॅनेजर गाडीखाली येऊन मेलेला असतो. ऑर्डर हवी तर अधिकाऱ्यांचे हात ओले करायचे, हा तिथला शिरस्ता. मग एक सभ्य माणूस भेटतो आणि म्हणतो, कोणाला किती यंत्रं विकलीत एवढंच सांगा, वरचे पैसे देतो. तुमचा ब्रून मस्का वाचताना मला हाच प्रसंग आठवला.

अँब्लर स्वतः इंजिनियरिंग शिकून जाहिरातीच्या धंद्यात गेला होता, त्यामुळे त्याच्या ऑफिसांना ऑफिसाचा वास येतो. 'एपिटाफ फॉर अ स्पाय'ही वाचा. भाषा शिकवणारा एक गरीब मास्तर, कुठल्याच देशाचा नागरिक नाही. सुट्टीत सरड्यांचे फोटो काढतो, हॉटेलात कॅमेऱ्याची अदलाबदल होते आणि रोल धुतल्यावर निघतात आरमारी तटबंदीचे फोटो. पोलीस सांगतात, खरा हेर शोधून दे, नाहीतर देशाबाहेर हो. मास्तर इतका वाईट शोध घेतो की आपल्यालाच घाम फुटतो.

आर_के_पुरम_रिटर्न

कादंबरी कशाला? जानेवारी १९८५ मध्ये मी दिल्लीत एका मंत्रालयात यूडीसी, म्हणजे वरिष्ठ कारकून होतो.

कुमार नारायण हेरगिरी प्रकरण. हा मुंबईच्या एका कंपनीचा दिल्लीतला माणूस. पकडले गेले ते स्टेनो, पीए, कारकून, त्यात पंतप्रधान कार्यालयातलेही. फायली बाहेर जायच्या, झेरॉक्स व्हायच्या, परत जागेवर यायच्या. पुढे त्या परकी वकिलातींकडे. मोबदला म्हणाल तर थोडे पैसे आणि व्हिस्कीच्या बाटल्या! प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी राजीनामा दिला. हेच पुढे आपल्याकडे राज्यपाल होते, हे आता किती जणांच्या लक्षात आहे? निकाल लागला २००२ मध्ये, तोवर मुख्य आरोपी वारलेलाही होता.

आमच्या ऑफिसात दुसऱ्याच आठवड्यात झेरॉक्स मशीनला कुलूप आलं. एका कागदाची प्रत काढायची तरी रजिस्टरात नोंद आणि सेक्शन ऑफिसरची सही. माझ्या शेजारचे एक सज्जन दिवाळीत कोणा ठेकेदाराकडून मिळालेली बाटली कपाटात ठेवून होते. ती त्यांनी भर थंडीत बाथरूममध्ये ओतली. सगळ्या मजल्यावर वास. त्यांनी कधी कागद विकला नसणार, पण चेहरा पांढराफटक. तुमच्या तीन दिवसांवरून ते आठवले.

कोल्हापुरी_सीए

अँब्लर थोर, पण १९४० च्या आधीचा हिशोब आता शिळा वाटतो. हेरकथावाल्या जॉन ल कारेचं 'अवर काइंड ऑफ ट्रेटर' (२०१०) घ्या. ऑक्सफर्डचा एक प्राध्यापक आणि त्याची वकील मैत्रीण अँटिग्वाला सुट्टीवर टेनिस खेळायला जातात आणि पलीकडे उभा असतो रशियन माफियाचा काळा पैसा पांढरा करणारा माणूस. धुलाई कशी चालते, तिला लंडनमध्ये कोणाचे आशीर्वाद असतात, हे आमच्या धंद्यातल्या माणसालाही पटतं. एक कुरकुर: नायक-नायिका फारच सुसंस्कृत. माझ्याकडे असे क्लायंट येत नाहीत.

कर्जबाजारी नायक हवा असेल तर त्याचंच 'द टेलर ऑफ पनामा'. शिंपी आहे, भाताच्या शेतात पैसा घातलाय, शेत पिकत नाही. ब्रिटिश हेर त्याला नेमका तिथे गाठतो आणि वर स्वतःच खबऱ्यांच्या नावचे पैसे हाणतो.

शब्दखूळ

@सीए, मग ग्रॅहम ग्रीनचं 'अवर मॅन इन हवाना' (१९५८) का सोडलंत? शिंप्याच्या कथेवर त्याचं ऋण आहे, हे ल कारेनं स्वतः मान्य केलंय. व्हॅक्यूम क्लीनर विकणारा बाप, लेकीला घोडा हवाय. म्हणून तो खोटे हेर रचतो, त्यांचे पगार-भत्ते उचलतो आणि क्लीनरच्या भागांची चित्रं लष्करी तळ म्हणून लंडनला धाडतो.

कोल्हापुरी_सीए

म्हणजे रोजगार हमीची बोगस हजेरीच की! मस्टरवर मेलेल्या माणसाचा अंगठा.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. बाबा, त्या पार्करचं काय केलंत?

नोस्ट्रोबाबा

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "ठेव, चार रुपड्यांचं आहे, त्यासाठी कोण कागद रंगवणार?" मी ते ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. मुलीनं दहावीच्या प्रिलिमला नेलं आणि निब वाकवून आणली. मला विलक्षण बरं वाटलं, ते तिला आजतागायत सांगितलेलं नाही.

'कॉज फॉर अलार्म' भाच्यानं किंडलवर उतरवून दिलंय, ६० पानं झाली. कमिशनच्या रकमेवरून आमचे ऑडिटर कसे अडत, ते वाचताना आठवलं. वेगाबद्दल तक्रार नाही. आर_के_पुरम, एक सांगा, ते झेरॉक्सचं कुलूप किती दिवस टिकलं?

आर_के_पुरम_रिटर्न

मार्चएन्डपर्यंत.