पंचगंगेकाठचा ३ मिमीचा भुंगेरा सापळ्यात का सापडत नाही?

मळीकाठ: प्रयाग चिखलीच्या खालच्या अंगाला, उसाच्या कडेच्या ओल्या गाळावर जेमतेम ३ मिमीचे तपकिरी-काळे भुंगेरे पळताना दिसतात. कॅराबिडी (जमिनीवर पळणारे भुंगेरे) कुळातले वाटतात. सापळा म्हणून चहाचे कागदी कप काठापर्यंत जमिनीत पुरले. मुंग्या-कोळी ढीगभर, हे एकही नाही. चुकतंय कुठं? आणि उसाला यांचा काही उपयोग?

सहापायी: कागदी कप ओलीत फुगतो, काठ उचलला जातो. काठ एक मिमी वर आला तरी या किड्याला ती भिंतच, तो वळसा घालून जातो. त्यात आपली काळी माती वाळताना आकसते. कपाभोवती फट पडते आणि भुंगेरा त्या फटीत शिरतो. २०० मिलीचे दोन प्लास्टिक ग्लास एकात एक घालून पुरा. आतला तेवढा काढून रिकामा करता येतो, खड्डा ढासळत नाही. भोवती चाळलेली ओली माती दाबून काठाला बरोबर भिडवा. आत तीन सेंमी मिठाचं दाट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण नसला तर एवढा हलका किडा तरंगत राहतो. वर दोन सेंमी उंचावर कौल, नाहीतर एका सरीनं मीठ पातळ होतं आणि माल कुजतो.

गाळकरी: यांच्यासाठी सापळा सोड भावा. काठाच्या उतारावर तांब्याभर पाणी ओत आणि जरा थांब. भेगांतले भुंगेरे बुडायच्या भीतीनं वर पळत येतात. चोषक नळीनं (किडे ओढून घ्यायची नळी) उचल, पण पंचगंगेचा गाळ तोंडानं ओढू नकोस, रबरी बल्ब लाव. रात्री पांढऱ्या कापडावर दिवा लावलास तरी यातले बरेच येतात.

मळीकाठ: जमलं! फोटोवरून नाव सांगता येईल?

सहापायी: फोटोवरून जात ठरणार नाही. भिंगाखाली पाल्पचा (तोंडाजवळच्या छोट्या स्पर्शकाचा) शेवटचा खंड बघा. सुईच्या टोकाएवढा बारीक असेल तर बेंबिडिनी, म्हणजे कॅराबिडीतला बारीक भुंगेऱ्यांचा गट. पुढच्या पायाची नडगी टोकाला तिरपी कापल्यासारखी आणि वरच्या कठीण पंखाच्या टोकाशी एक रेघ मागे वळलेली असेल, तर त्यातला टॅकिस किंवा त्याचे भाऊबंद. पुढं नराचं जननांग काढून बघावं लागतं, म्हणून नर-मादी दोन्ही ठेवा. ७० टक्के अल्कोहोल चालेल, डीएनए करायचा असेल तर ९५. मागच्या पायाच्या पावलाला (नडगीच्या पुढच्या भागाला) चारच खंड दिसले तर तो कॅराबिडी नव्हेच. कॅराबिडीत तिन्ही जोड्यांना पाच-पाच.

गाळकरी: उसाचं म्हणशील, तर हे खातात स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे बारीक जीव) आणि बारीक अळ्या-अंडी. हुमणी (मुळं खाणारी जाड अळी) यांच्या आवाक्यातली नव्हे, तिच्यासाठी यांच्यावर विसंबू नकोस. आणि लेबल पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाक: गाव, तारीख, पाण्यापासून किती फुटांवर. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.